पेन्शन निवडताना दुसरा रकाना आधी भरा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नव्वदच्या दशकात कामाला लागलेली पहिली फळी आता अठ्ठावन्नला टेकली आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीत दर महिन्याअखेरीस कोणाचा ना कोणाचा निरोप समारंभ असतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ५ आणि ७ मधले जवान, जिल्हा परिषदेचे शिक्षक, कुरकुंभच्या रसायन कारखान्यांतले ऑपरेटर, न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या साखर कारखान्यांतले हंगामी कामगार अशी सगळीच मंडळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आली की एकच प्रश्न विचारतात: "सगळ्यात जास्त पेन्शन कशात बसते?"

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. पेन्शन एका माणसाची नसते, नवराबायकोची असते, आणि दोघांपैकी एक जण आधी जातो. आपल्याकडे बहुतेक वेळा बायको वयाने लहान असते, म्हणजे मागे राहण्याची शक्यता तिचीच जास्त. म्हणून कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात ‘दोघे असताना महिन्याला किती’, दुसऱ्यात ‘मागे एकच राहिल्यावर किती’. पुढे येणारा प्रत्येक पर्याय या दोन्ही रकान्यांत लिहा आणि दुसरा रकाना आधी भरा. पहिल्या रकान्यात एखादी योजना देखणी दिसते आणि दुसऱ्यात साफ झोपते, हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

कारखान्यातली पेन्शन: आकडा लहान, तोही न वाढणारा

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ आणि साखर कारखाने इथल्या बहुतेक कामगारांना लागू असते ती कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे बोलीभाषेतली ‘ईपीएस’. मालकाच्या पीएफ वर्गणीतला ८.३३ टक्के भाग या योजनेत जातो. मात्र तो १५,००० रुपये पगार धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. हातात पगार ४५ हजार येत असला तरी पेन्शनचा हिशेब सहसा १५ हजारांवरच होतो.

सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. गोम पुढे आहे. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी ६,५०० वरून १५,००० झाली, त्यामुळे त्याआधीची सेवा ६,५०० च्या मर्यादेत आणि नंतरची १५,००० च्या मर्यादेत मोजतात. १९९८ मध्ये लागून २०२६ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण करणाऱ्या कामगाराची आधीची साधारण १६ आणि नंतरची १२ वर्षे धरू. ६,५०० गुणिले १६ भागिले ७० म्हणजे १,४८६ रुपये. १५,००० गुणिले १२ भागिले ७० म्हणजे २,५७१ रुपये. बेरीज ४,०५७. वीस वर्षांवर सेवा असल्याने दोन वर्षे वाढीव धरली जातात. ती मिळवली की आकडा सव्वाचार ते साडेचार हजारांत बसतो. त्यावर महागाई भत्ता नाही. आज लागलेली रक्कम ऐंशीव्या वर्षीही तेवढीच.

आता दुसरा रकाना. पेन्शनर गेल्यावर पत्नीला निम्मी पेन्शन मिळते. ४,३०० धरले तर २,१५०. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीमागे तिच्या वाट्याला येणारी ही रक्कम निवृत्तीच्या आधीच माहीत असली, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांचे काय करायचे, याचा विचार आपोआप बदलतो.

दोन वर्षे थांबावे का?

अठ्ठावन्नऐवजी साठाव्या वर्षी पेन्शन सुरू केली तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, आणि ‘थांबलास तर जास्त बसते’ असा सल्ला देणारे कॅन्टीनमध्ये भेटतात. ४,३०० च्या पेन्शनवर दोन वर्षांची वाढ साधारण ३४४ रुपये. त्यासाठी २४ महिन्यांचे १,०३,२०० रुपये सोडावे लागतात. ते ३४४ रुपयांच्या वाढीतून भरून यायला ३०० महिने, म्हणजे पंचवीस वर्षे लागतात. साठीनंतर पंचवीस म्हणजे पंच्याऐंशी. नोकरी चालू असून पेन्शन निधीत वर्गणी जात राहिली तर सेवेची वर्षेही वाढतात आणि हिशेब बराच बरा होतो. नुसते थांबण्यात मात्र फारसे हशील नाही.

उलट, पन्नाशीनंतर नोकरी सुटली तर पेन्शन लवकरही घेता येते. अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल ४ टक्के घट. ही घट जन्मभराची असते, म्हणून दुसरे उत्पन्न असेल तर घाई नको.

दहा वर्षांची अट आणि ठेकेदार बदललेले कामगार

ईपीएसची पेन्शन बसायला किमान दहा वर्षांची सेवा लागते. ठेकेदारीवरचे कामगार इथेच अडकतात. चार ठेकेदार झाले, चार पीएफ खाती झाली, प्रत्येक वेळी लग्नाला नाही तर बोअरच्या खर्चाला पैसे काढले, आणि त्यासोबत १०सी फॉर्म भरून पेन्शनचीही रक्कम काढून घेतली. ती काढली की तेवढी सेवा पुसली जाते. पैसे काढलेले नसतील तर सगळी जुनी खाती एकाच यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या सार्वत्रिक खाते क्रमांकाखाली, आणा. सेवा जोडली जाते. दहा वर्षे भरत नसतील आणि पुढे पुन्हा नोकरी करायची असेल, तर रक्कम काढण्याऐवजी योजनेचे प्रमाणपत्र घ्या.

हंगामी कामगारांसाठी एक मोलाचा नियम आहे. हंगामी आस्थापनेत वर्षातले काहीच महिने काम केले असले, तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरले जाते. गाळप हंगामात पाच महिने काम करणाऱ्याचे बारा हंगाम झाले म्हणजे पाच वर्षे झाली, असा समज करून हक्क सोडू नका. त्या त्या हंगामाची वर्गणी पासबुकात दिसते का, तेवढे पाहा. मधल्या काही महिन्यांची वर्गणी दिसत नसेल, तर निवृत्त होण्याआधीच लेखी तक्रार करा. नोकरी सुटल्यावर जुन्या हजेरीचे कागद शोधणे महाकठीण.

रेल्वे आणि सरकारी नोकर: आधी तारीख पाहा

रेल्वेत १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, म्हणजे एनपीएस. राज्य सरकार, जिल्हा परिषद आणि पोलीस दलासाठी ही तारीख १ नोव्हेंबर २००५. भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची असून नेमणूक नंतर झाली असेल, तर राज्याने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला होता. तुमच्या सेवापुस्तकात त्याची नोंद आहे का, ते तपासा.

जुन्या पेन्शनवाल्यांपुढे खरा निर्णय एकच असतो: पेन्शन विकायची का? कार्यालयीन भाषेत याला अंशराशीकरण म्हणतात. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. दौंडच्या एखाद्या रेल्वे कर्मचाऱ्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० आणि पेन्शन ३०,००० धरा. ४० टक्के म्हणजे १२,००० विकले. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी केंद्राच्या तक्त्यातला गुणक ८.१९४ आहे. १२,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ म्हणजे ११,७९,९३६ रुपये हातात. पंधरा वर्षांत कापले जाणार २१,६०,०००. हे जवळपास ९ टक्क्यांनी घेतलेल्या कर्जासारखे आहे. फरक एवढाच, की कर्जदार मध्येच गेला तर उरलेले हप्ते माफ होतात. घराचे १० टक्क्यांचे कर्ज फेडायचे असेल किंवा तब्येत तोळामासा असेल, तर विक्री शहाणपणाची. पैसे नुसते साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत टाकायचे असतील, तर कशाला?

दुसऱ्या रकान्यात हा पर्याय भक्कम आहे. विक्रीचा कुटुंब निवृत्तिवेतनावर परिणाम होत नाही. निवृत्तीनंतर पती गेला तर पत्नीला सात वर्षे, किंवा पती सदुसष्ट वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर वाढीव दराने, आणि पुढे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात. आपल्या उदाहरणात हे १८,००० रुपये होतात, वर महागाई सवलत.

२००४ नंतर रेल्वेत लागलेल्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, सुरू झाली. पंचवीस वर्षे सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात, आणि दहा वर्षे भरली असतील तर किमान १०,०००. शिवाय महागाई सवलत. मूळ वेतनाची सरासरी ५०,००० आणि सेवा बावीस वर्षे असेल तर पहिल्या रकान्यात २२,०००, आणि पत्नीला त्याच्या ६० टक्के म्हणजे १३,२००. इथे एक खाच आहे. साठलेल्या निधीतले ६० टक्क्यांपर्यंत पैसे काढता येतात, पण जितके काढाल त्या प्रमाणात पेन्शन घटते. साठ टक्के काढले तर २२,००० ची पेन्शन ८,८०० वर येईल. एनपीएसच्या सवयीने ‘साठ टक्के तर काढायचेच’ असे समजून सही करू नका. पर्याय देण्याची मुदत वाढत वाढत नोव्हेंबर २०२५ पर्यंत गेली. यूपीएस घेतलेल्यांना एनपीएसमध्ये एकदाच परत जाता येते, तेही निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी. राज्य मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत योजनेला मान्यता दिली. शिक्षकांनी आणि पोलिसांनी आपल्या नावापुढे कोणता पर्याय नोंदला गेला आहे, हे आस्थापना शाखेतून लेखी घ्यावे.

ॲन्युइटी: एकदा घेतली की परत नाही

एनपीएसमधल्या सरकारी नोकराला साठाव्या वर्षी किमान ४० टक्के निधीची ॲन्युइटी घ्यावी लागते, उरलेला ६० टक्के करमुक्त मिळतो. खासगी सभासदांसाठी ही किमान अट डिसेंबर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आली. पीएफवाल्यांवर सक्ती नाही. ते आपल्या पैशातून आयुर्विमा महामंडळाची जीवन अक्षय किंवा दुसऱ्या विमा कंपनीची योजना घेऊ शकतात. ॲन्युइटी म्हणजे कंपनीला एकरकमी पैसे देणे आणि कंपनीने ठरलेली रक्कम तहहयात देणे. दर घेतेवेळी ठरतो, पुढे बदलत नाही.

प्रकार बरेच आहेत, पण निर्णय चार प्रकारांतच होतो. साठ वर्षांच्या माणसाने १० लाख गुंतवले असे धरू. पुढचे आकडे फरक कळावा म्हणून धरलेले आहेत, कोणत्याही कंपनीचा भाव नव्हे.

फक्त स्वतःच्या हयातीपर्यंत: महिना ६,९००, मागे पत्नीला शून्य.

दोघांच्या हयातीपर्यंत, पूर्ण रकमेने: ६,३००, पत्नीलाही ६,३००.

स्वतःच्या हयातीपर्यंत, नंतर मूळ रक्कम परत: ५,५००, पत्नीची पेन्शन शून्य पण हातात १० लाख.

दोघांच्या हयातीपर्यंत, दोघांनंतर मूळ रक्कम वारसांना: ५,४००, पत्नीलाही ५,४००.

एजंट बहुधा शेवटचा प्रकार पुढे करतात, कारण ‘पैसे कुठे जात नाहीत, पोरांना मिळतात’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या पचनी लवकर पडते. दुसरा आणि चौथा प्रकार शेजारी ठेवा. फरक महिन्याला ९०० रुपये, वर्षाला १०,८००. जन्मभर एवढे सोडायचे, ते पंचवीसेक वर्षांनी मुलांना १० लाख मिळावेत म्हणून. महागाई ६ टक्के धरली तर त्या १० लाखांची किंमत आजच्या सव्वादोन-अडीच लाखांएवढी उरेल. मुलगा कमावता असेल, घर-शेत त्याच्याकडे जाणारच असेल, तर दुसरा प्रकार दोघांच्या पोटाला जास्त देतो. घरात अपंग किंवा अवलंबून असलेले मूल असेल, तर चौथाच घ्यावा.

महागाईची ही गोष्ट हप्त्यालाही लागू आहे. ६ टक्क्यांनी बारा वर्षांत ६,३०० रुपयांची किंमत निम्मी होते. दरवर्षी ३ टक्के वाढणारी ॲन्युइटी मिळते, पण तिची सुरुवात बरीच खालून होते. त्यापेक्षा सगळा पैसा साठाव्या वर्षीच ॲन्युइटीत न घालता काही भाग पासष्टीनंतर घालणे बरे; वय वाढले की त्याच रकमेला हप्ता जास्त मिळतो. एनपीएसमध्येही ॲन्युइटी पुढे ढकलता येते. पॉलिसी हातात आल्यावर विचार बदलला तर ती परत करायला ३० दिवसांची मुदत असते. ती उलटली की मन बदलून उपयोग नाही. ॲन्युइटीचा हप्ता उत्पन्नात धरला जातो, त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो.

पोस्ट, पतसंस्था आणि खोल्या

ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बँकेत मिळते. एका माणसाला ३० लाखांपर्यंत, मुदत पाच वर्षे, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के राहिला आहे. सरकार दर तिमाहीला आढावा घेते, पण तुम्ही खाते उघडाल त्या दिवशीचा दर मुदतभर कायम. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पत्नी संयुक्त खातेदार असेल तर तिला खाते पुढे चालवता येते, म्हणजे दुसऱ्या रकान्यातही तोच आकडा.

अठ्ठावन्नला निवृत्त होणाऱ्यांना या योजनेत साठीआधी शिरायचे असेल, तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडावे लागते. हातून तारीख निसटत असेल तर पीएफ काढायची घाई करू नका. निवृत्तीनंतर तीन वर्षांपर्यंत पीएफवर व्याज चालू राहते, ते करपात्र असले तरी. साठी गाठली की तीन महिन्यांची अट उरत नाही.

पतसंस्थेच्या पाटीवरचा दीड-दोन टक्के जादा दर मोहात पाडतो. सहकारी बँकेसह कोणत्याही विमाकृत बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. निवृत्तीची पुंजी तिथे ठेवू नका, मग चेअरमन भावकीतला का असेना.

शिक्रापूर-सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यात कामगारांसाठी खोल्या बांधून भाडे खाणे हीच अनेकांची पेन्शन झाली आहे. भाडे महागाईसोबत वाढते, ही तिची जमेची बाजू. पण एखाद्या कारखान्याने पाळी बंद केली की खोल्या ओस पडतात, आणि भाडे वसूल करायला, मोटार-गटार पाहायला माणूस हिंडता-फिरता लागतो. दुसऱ्या रकान्यात लिहिताना ती एकटी हे करू शकेल का, हे तिलाच विचारा. भाड्याचा निम्माच आकडा धरलेला बरा.

एक पूर्ण मांडणी

रांजणगावचा आपला कामगार घ्या. ईपीएस ४,३००, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ३२ लाख. दोघांचा खर्च महिना २५ हजार, एकीचा १७ हजार. ५ लाख आजारपणासाठी बँकेत बाजूला. १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत पत्नीसह संयुक्त, म्हणजे महिना १०,२५०. १२ लाखांची दोघांच्या हयातीची ॲन्युइटी, वर धरलेल्या भावाने ७,५६०. पहिला रकाना २२,११०, दुसरा १९,९६०. पहिल्यात तीन हजारांची तूट आहे, ती शेतातून किंवा एखाद्या खोलीच्या भाड्यातून निघेल. दुसऱ्या रकान्यात तीन हजार वर उरतात. एकट्या स्वतःच्या नावाची ॲन्युइटी घेतली असती तर पहिला रकाना ७२० रुपयांनी फुगला असता आणि दुसरा १२,४०० वर कोसळला असता.

कागद आत्ताच सरळ करा

निवृत्तीच्या वर्षभर आधी सुरुवात करा. आधार, पॅन, पीएफ आणि बँक यांत नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. जास्त घोळ पत्नीच्या नावात निघतो: सेवापुस्तकात लग्नानंतरचे नाव, आधारवर माहेरचे, बँकेत ‘बाई’ लावलेले. हे तुमच्या हयातीत दुरुस्त करायला एक अर्ज पुरतो. नंतर तिला प्रतिज्ञापत्रे घेऊन तालुका आणि पुणे अशा खेपा घालाव्या लागतात. पीएफ पोर्टलवर वारसनोंद आणि नोकरी सोडल्याची तारीख पाहा, मग १०डी फॉर्म भरा. दौंड आधी रेल्वेच्या सोलापूर विभागात होते, आता पुणे विभागात आहे. जुन्या सेवेच्या नोंदी पूर्ण आल्यात का, याची खात्री करा. ईपीएसची पेन्शन जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पोस्टमनकडूनही घरी करून घेता येतो.

शेवटचे काम कागद भरून झाल्यावरचे. दोन्ही रकाने पत्नीला वाचून दाखवू नका, तिच्याकडून वाचून घ्या. कोणती रक्कम कोणत्या खात्यात कुठल्या तारखेला येते, आणि तुमच्यानंतर पहिला अर्ज कुठे द्यायचा, हे तिला न अडखळता सांगता आले की मगच ॲन्युइटीच्या फॉर्मवर सही करा. तोवर पैसे पीएफ खात्यात व्याज मिळवत राहिले तर काही बिघडत नाही.